सहा पायांचा ऑक्टोपस

१९५५ सालच्या ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’ या सिनेमातल्या राक्षसी ऑक्टोपसला सहाच पाय आहेत. बाहुल्याचा एकेक पाय हाताने कणभर हलवायचा आणि एकेक फ्रेम टिपायची, असं ते काम. आठ पाय म्हणजे वेळ जास्त, खर्च जास्त. म्हणून बाहुला हलवणाऱ्या रे हॅरीहाउझनने दोन पाय गाळले. हे सहापायी जनावर सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल मोडतं तेव्हा पाय मोजायचं भान बहुतेकांना राहत नाही. माझ्या भाच्याला राहिलं. “मामा, ह्येचे दोन पाय खंय गेले?” म्हटलं, बजेटात बुडाले. वेंगुर्ल्याचं पोर, मासळी बाजारात वाढलेलं, त्याला काय फसवणार!

लोकांना वाटतं मी हे जुने, स्वस्तातले राक्षसांचे सिनेमे टिंगल करायला बघतो. हसू येतं, नाही कशाला म्हणू? पण खरी गंमत वेगळी आहे. पैसे नसले की काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे ठरवावंच लागतं, आणि त्यातच करणाऱ्याचं डोकं दिसतं.

१९५४ चा पहिला गॉडझिलाच घ्या. तो तसा स्वस्तातला नव्हे, पण चणचण तिथेही होतीच. त्यातली चित्रकरामत सांभाळणाऱ्या एजी त्सुबुरायाला ‘किंग काँग’सारखी फ्रेम-फ्रेम हलवलेली बाहुली हवी होती. तेवढा वेळ आणि पैसा नव्हता. मग माणसालाच अवजड रबरी सोंगात घातलं. हारुओ नाकाजिमा त्याचं नाव. दिव्यांच्या उकाड्यात, धड वाकता येत नाही अशा अवस्थेत तो पंचविसाव्या हिश्शाने लहान केलेलं टोकियो तुडवत फिरला. कॅमेरा जलद फिरवून चित्रण करायचं आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवायचं, की माणसाच्या पावलाला डोंगराचं वजन येतं. डरकाळी तर संगीतकार अकिरा इफुकुबेने डबल बास नावाच्या वाद्याच्या तारा राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने घासून काढली.

एका गोष्टीला मात्र इलाज नाही. इमारत लहान करता येते, आगगाडी करता येते, पाणी करता येत नाही. हौदात खेळण्याएवढं जहाज बुडवलं तरी थेंब आपल्या मापाचाच उडतो आणि पडद्यावर जहाजाच्या खिडकीएवढा दिसतो. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर लाटा बघत वाढलेल्या माणसाला हे लगेच खटकतं. मला ते खटकणंही आवडतं, हे कबूल.

याचं कारण बहुधा नरकासुर. आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री वाडीवाडीत नरकासुर उभा राहतो. बांबूचा सांगाडा, गवत, जुनी पोती, वर्तमानपत्रं, मैद्याची खळ. वर्गणी कधीच पुरत नाही, त्यामुळे सगळा खर्च तोंडावर. मातीच्या साच्यावर कागदाचे थर चढवायचे, सुकले की अलगद सोडवायचे आणि मग रंग. मी वायरिंगची कामं करतो, म्हणून डोळे माझ्याकडे. बल्बवर लाल जिलेटिन कागद लावला की झालं, पण तो जास्त वेळ पेटता ठेवला तर कागद वितळतो. म्हणून डोळे उघडझाप करतात. बघणाऱ्याला वाटतं नरकासुर रागावला. पाठीमागची बाजू कोणी करतच नाही, तिथे नुसतं गवत. म्हणून मिरवणुकीत त्याला वळवायचा नाही, हा नियम. पहाटे जाळायचा, घरी येऊन अंघोळ, पायाखाली कारीट, मग पोहे.

पैसे वाचवणं अंगाशी आल्याची गोष्ट ‘द जायंट क्लॉ’ची. १९५७. निर्माता सॅम कॅट्झमन. हॅरीहाउझन परवडला नाही, म्हणून बाहुला मेक्सिको सिटीत करून घेतला. नटमंडळी सगळा सिनेमाभर गंभीर चेहऱ्याने ‘युद्धनौकेएवढा पक्षी’ म्हणत आभाळाकडे बघतात, आणि येतो कोण? लांब मानेचं, बटबटीत डोळ्यांचं, डोक्यावर केसांचा झुबका असलेलं एक गिधाड. नायक जेफ मॉरोने तो पहिल्यांदा थिएटरातच पाहिला. लोक हसायला लागले तसा तो तिथून सटकला. मला पक्ष्यापेक्षा मॉरो आवडतो. समोर काही नसताना माणूस मनापासून घाबरला होता.

हल्ली मुद्दाम टुकार बनवलेले सिनेमे निघतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. तिथे कोणाचं काही अडलेलंच नसतं.

कोणाला सुरुवात करायची असेल तर रॉजर कॉर्मनचा ‘अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स’ बघा, १९५७ चाच. एकूण खर्च सुमारे ७०,००० डॉलर. खेकडा तसा ठोकळाच आहे. पण तो ज्याचा मेंदू खातो त्याच्या आवाजात बोलतो, आणि रात्री बाकीच्यांना नावाने हाका मारतो. आवाजाला काय खर्च? रात्री ओळखीच्या आवाजात हाक आली तरी पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आजी बजावायची. त्यामुळे मी तरी तिथे हसलो नाही. भाचाही हसला नाही. उलट यंदाच्या नरकासुराला कुर्लीचे डेंगे, म्हणजे खेकड्याच्या नांग्या, लावायचं त्याच्या डोक्यात बसलंय. बांबू कोणाच्या बेटातून आणायचे, यावरून सध्या वाडीत वाद चालू आहे.