बेटावर रुळताना: पाणी योजनेवरच्या नोकरीचे माझे पहिले दीड वर्ष

अकरा वर्षे मुख्य भूमीवर पाणीपुरवठ्याचे काम केल्यानंतर मी एका लहान बेटावरच्या पाणी योजनेची जबाबदारी स्वीकारली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नकाशावरचे अंतर होते. ते अंतर २६ सागरी मैलांचे होते. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, म्हणजे एकूण जेमतेम ४८ किलोमीटर. एवढा प्रवास मी आधीच्या नोकरीत रोज करत होते, त्यामुळे बेटावर राहणे म्हणजे जरा लांबच्या उपनगरात राहणे, अशी समजूत करून घेऊन मी सामान बांधले. ती समजूत तीन आठवड्यांत गेली. तिच्या जागी खरी समज येण्यास मात्र जवळजवळ वर्ष लागले. हा अनुभव त्या वर्षाचा, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांचा आहे.

मी दोन पिशव्या घेऊन पोहोचले आणि माझे बाकीचे सामान पलीकडच्या धक्क्यावर नऊ दिवस पडून राहिले. त्या नऊ दिवसांतले बहुतेक दिवस निरभ्र होते. लख्ख ऊन पडलेले असताना बोट का सुटत नाही, हे मला उमगत नव्हते, आणि रोज धक्क्यावर जाऊन विचारण्यात मी स्वतःला उगाच शिणवत होते. आकाश आणि समुद्र यांचे बोलणे नेहमी एक नसते, हे मला तेथे कळले: शेकडो किलोमीटर दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा वारा नसतानाही येऊन पोहोचतात, आणि नुसत्या वाऱ्यानेही स्वच्छ उन्हात समुद्र खवळतो. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याची जी श्रेणी मांडली, ती ० ते १२ अशी आजही वापरली जाते. तीत ६ म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरचा वारा. आमची बोट ६ ला थांबते. हा एक आकडा समजल्यावर माझी निम्मी तगमग संपली. सकाळी हवामानाचे पत्रक पाहायचे, ५ असेल तर तयारीत राहायचे, ६ असेल तर त्या दिवसाची कामे दुसऱ्या प्रकारे लावायची. धक्क्यावर जाऊन विचारणे मी बंद केले.

बोट सुटली तरी ती रोज एकाच वेळी सुटत नाही. आमचा धक्का उथळ आहे आणि पूर्ण ओहोटीला मोठी बोट त्याला लागू शकत नाही. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती-ओहोटीचे रोजचे चक्र २४ तासांऐवजी सुमारे २४ तास ५० मिनिटांचे होते, आणि म्हणून बोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते. कार्यालय मात्र ठरलेल्या वेळीच उघडते. ही दोन घड्याळे सांभाळणे मला सर्वांत जड गेले. शेवटी मी भरतीचे छापील कोष्टक दाराच्या आतल्या बाजूस चिकटवले, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाणाचे दिवस लाल पेन्सिलीने रंगवले आणि घराबाहेर पडताना हाताच्या घड्याळाआधी ते पाहण्याची सवय लावली. आज कोणी भेटीची वेळ मागितली, की माझ्या मनात आधी पाण्याची वेळ येते.

खाऱ्या हवेबद्दल मला येण्यापूर्वी सर्वांनी सांगितले होते, पण ती किती आत शिरते याची कल्पना मला नव्हती. दुसऱ्या महिन्यात माझी शिवणकामाची कात्री उघडेना. तिच्या दोन पात्यांमधल्या खिळ्याभोवती तांबूस भुकटी साचली होती आणि बोटाने चाटून पाहिले तर ती खारट होती. मीठ हवेतील ओलावा ओढते. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की कोरडे मीठही पाझरून द्रव होते, आणि बेटावर बरेचसे दिवस त्या मर्यादेच्या वरच जातात. म्हणजे प्रत्येक बिजागरीवर, प्रत्येक कुलपावर खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर कायम ओला राहतो. घरगुती भांड्यांसाठी वापरले जाणारे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टीलही येथे ठिपक्याठिपक्यांनी गंजते. ३१६ प्रतीच्या स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असल्यामुळे ते अधिक टिकते. योजनेचे सर्व नवे नट-बोल्ट मी ३१६ चे मागवले, घरातल्या कुलपांना दर रविवारी तेल द्यायला लागले, आणि लॅपटॉप झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवू लागले. हे सगळे कंटाळवाणे वाटेल, पण या कामांनीच मला तेथे बसवले. ज्या घराच्या कुलपांना आपण स्वतः तेल देतो, ते घर हळूहळू आपले होते.

आता जे सांगायचे आहे, ते सांगणे मला अवघड जाते. तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली.

बेटाला दोन ठिकाणांहून पाणी मिळते. एक समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र, आणि दुसरे तीन विहिरी. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते पडद्यातून गाळून गोडे करण्यासाठी साधारण ५५ ते ७० बार (एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या दाबाएवढा) दाब द्यावा लागतो. हा दाब देणाऱ्या पंपाचे मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतून पाणी गळू न देणारी, मुठीत मावेल एवढी एक कडी, ऐन उन्हाळ्यात गेली. मुख्य भूमीवर असताना असा सुटा भाग मी कधी साठवून ठेवलाच नव्हता. फोन केला की अर्ध्या तासात माणूस घेऊन येई. येथे वारा ६ वर होता आणि बोट बंद होती. मी दोन क्रमांकाच्या विहिरीचा उपसा दिवसाला आठ तासांवरून सोळा तासांवर नेला.

आमचे पंपचालक त्या विहिरीवर तीस वर्षे काम करत आहेत. ते म्हणाले, "मॅडम, ही विहीर दमते. हिला विसावा द्या." मी पातळी मोजून पाहिली. ती केवळ एक फूट खाली गेली होती, आणि मी त्यांना सांगितले, "काका, पाणी भरपूर आहे, काळजी करू नका."

माझा हिशेब मुख्य भूमीवरच्या विहिरीचा होता. सच्छिद्र चुनखडी आणि वाळू असलेल्या लहान बेटाखाली गोडे पाणी तळ्यासारखे साठलेले नसते. पावसाचे मुरलेले पाणी जड खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असते. जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी १९०१ मध्ये आणि त्यांच्याही आधी डच अभियंता घायबेन यांनी मांडलेले गुणोत्तर मी महाविद्यालयात शिकले होते: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर समतोल स्थितीत त्याखाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असते. या गुणोत्तराची दुसरी बाजू माझ्या लक्षात आली नाही. वरची पातळी एक फूट उतरली आणि तशीच राहिली, तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर येण्याच्या मार्गाला लागते, आणि नेमके पंपाच्या तोंडाखाली तर ते सुळक्यासारखे आधी वर चढते. मला पृष्ठभागावरचा एक फूट दिसत होता, खालचे चाळीस दिसत नव्हते.

पाचव्या दिवशी नळाचे पाणी मचूळ लागू लागले. त्या विहिरीतील क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, लिटरला १६० मिलिग्रॅम असे; ते ४२० झाले, सातव्या दिवशी ६८०. २५० च्या पुढे खारेपणा जिभेला जाणवू लागतो. मी उपसा बंद केला. आठव्या दिवशी बोट आली आणि ती कडीही आली. संयंत्र दुपारपर्यंत सुरू झाले, पण विहीर तशी सुरू होत नाही. नुसते थांबून खारे पाणी मागे हटत नाही. वरून पाऊस मुरून त्याने ते खाली दाबावे लागते, आणि एका पावसाळ्यात ते पूर्ण दाबले जाईलच असे नाही.

मोठ्या शहरात चूक झाली तर तक्रार कागदावर येते. येथे ती समोर येऊन उभी राहिली. धक्क्याच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी मागे वळून शांतपणे विचारले, "लहान मुलाला हे पाणी द्यायचे की नाही, ते तेवढे सांगा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि म्हणूनच मला ते फार लागले. त्या संध्याकाळी मी पंपचालकांच्या घरी जाऊन त्यांची क्षमा मागितली. त्यानंतर आठवडाभर आम्ही दोघांनी घरोघरी जाऊन कोणत्या नळाचे पाणी प्यावे आणि कोणत्याचे पिऊ नये, हे सांगितले. बेटावर माझी खरी ओळख त्या आठवड्यात झाली. तोवर मी त्यांच्यासाठी बाहेरून आलेल्या साहेबीण होते. त्यानंतर लोक मला विहिरींच्या जुन्या हकिकती सांगू लागले, कोणत्या वर्षी कोणती आटली, कोणत्या वाडीत खोदू नये. त्या हकिकतींची मी एक वही केली आहे, आणि योजनेच्या अधिकृत नोंदींपेक्षा ती मला अधिक उपयोगी पडते.

सुटे भाग, औषधे, किराणा यांचा साठा कसा करावा, हे प्रत्येकजण आपापल्या गरजेनुसार शिकतो. माझा नियम तीन आठवड्यांचा आहे आणि पावसाळ्यात सहा आठवड्यांचा. दातांची कामे निघण्यापूर्वी उरकून घ्यावीत, एवढे मात्र आवर्जून सांगते.

साठ्याने जे भागत नाही, ते वेगळे. आठव्या महिन्यात रात्री दीड वाजता भावाचा फोन आला, की वडिलांच्या छातीत दुखू लागले आहे आणि त्यांना रुग्णालयात नेले आहे. बाहेर वारा ८ वर होता, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे. पुढचे चार दिवस बोट सुटली नाही. सवयीने कोष्टक पाहावे, पिशवी भरावी, पुन्हा रिकामी करावी, यात पहिली रात्र गेली. ४८ किलोमीटर म्हणजे किती, हे मला त्या रात्री कळले. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले, कारण घरात बसवत नव्हते. भाऊ दर तीन तासांनी फोन करत होता. पाचव्या दिवशी मी पोहोचले तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते, आणि त्यांनी पहिला प्रश्न विहिरीबद्दल विचारला.

ते सावरले, म्हणून मी परत येऊ शकले. परंतु परतण्यापूर्वी आम्ही भावंडे एकत्र बसलो आणि जे बोलणे मी नोकरी स्वीकारण्याआधीच करायला हवे होते, ते केले. मी वेळेवर पोहोचू शकणार नाही असे प्रसंग येतील, त्या वेळी निर्णय कोणी घ्यायचा, कागदपत्रे कोणाकडे राहतील, पैसे कोणत्या खात्यातून काढायचे, आणि मला कळवण्यासाठी कोणी थांबायचे नाही, हे आम्ही स्पष्ट शब्दांत ठरवले. ज्यांचे आईवडील वृद्ध आहेत, त्यांनी बेटावरची नोकरी घेऊच नये असे मी म्हणणार नाही. पण हे बोलणे टाळून कोणी येऊ नये, असे मला फार तळमळीने वाटते. घर, पगार, बोटीची भाडी यांची चौकशी सगळेच करतात. हा विषय मात्र मनातच राहतो आणि वारा ८ वर गेल्यावर वर येतो.

त्या चार दिवसांची आठवण अजून जाते असे नाही. पावसाळ्यात रात्री फोन वाजला की छातीत धस्स होते, आणि त्याची सवय होईल असे मला वाटत नाही. बाकीच्या गोष्टींची झाली आहे. लाल पेन्सिलीने रंगवलेले दिवस आता न पाहता ठाऊक असतात. सुट्या भागांच्या कपाटात त्या कडीचे तीन जोड आहेत. विहिरींचा उपसा कोणी, किती तास करायचा, हे मी पंपचालकांना विचारल्याशिवाय बदलत नाही, आणि उपशाच्या नोंदवहीत माझ्या सहीशेजारी त्यांचीही सही असते.

दोन क्रमांकाच्या विहिरीतून आम्ही आता दिवसाला केवळ दोन तास, हळू वेगाने पाणी काढतो. मधला पावसाळा चांगला झाला. दर सोमवारी मी स्वतः बाटलीत नमुना घेते, आणि काका तो तपासण्याआधी बोटावर घेऊन चाखतात व आकडा सांगतात. त्यांचा अंदाज फारसा चुकत नाही. गेल्या सोमवारी ते २४० म्हणाले आणि तपासणीत २३० आले. पूर्वीच्या १६० ला अजून अवकाश आहे. बहुधा आणखी एक पावसाळा लागेल. माझ्या कराराची मुदत त्याआधी संपत होती, ती मी दोन वर्षांनी वाढवून घेतली आहे.