तुम्ही विचारलंत म्हणून : वाइडला एफ/१.४ कशाला?

“२४-७० मिमीची झूम हाताशी असताना २४ मिमीची एफ/१.४ प्राइम लेन्स कशाला घेतलीत?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की दर वेळी उभ्या उभ्या उत्तर देऊन आता कंटाळा आलाय. विचारणाऱ्यांपैकी काहींना खरोखर लेन्स घ्यायची असते. काहींना मात्र मी पैसे उगाच घातले, हे माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं असतं. दोघांसाठी मिळून एकदाच लिहिते. नवख्यांसाठी आधी एवढंच. मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ, तो जितका लहान तितकी लेन्स वाइड, म्हणजे दृश्य रुंद. प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंथची, झूम न होणारी लेन्स. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, उजेड जास्त, लेन्स ‘फास्ट’. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. आयएसओ वाढवला की कमी उजेडात फोटो निघतो, पण नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वाढतो.

तुमचे मुद्दे मला पाठ आहेत. आताचे सेन्सर आयएसओ ६४०० लासुद्धा स्वच्छ फोटो देतात. बॉडीतच स्टॅबिलायझेशन असतं. वाइडला पार्श्वभूमी तशीही फारशी धूसर होत नाही आणि लँडस्केपवाले तर एफ/८ सोडत नाहीत. पाठ असायचं कारण हे, की काही वर्षांपूर्वी मीच लोकांना हे सांगत असे. “फास्ट लेन्स हवी तर ५० घ्या, ८५ घ्या, वाइडला एफ/२.८ म्हणजे भरपूर झालं,” असं अगदी छातीठोकपणे.

त्या वेळच्या माझ्या बोलण्यात तथ्य होतं, तेही सांगून टाकते. २४ मिमीला १.४ ने भागलं की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास साधारण १७ मिमी येतो. ५० मिमीला एफ/२.८ वरसुद्धा तो १८ च्या आसपास असतो. फ्रेममधल्या माणसाच्या मानाने लांबवरच्या दिव्याचा धूसर गोल केवढा दिसणार, हे त्याच व्यासावर ठरतं. म्हणजे साध्या ५० ला एफ/२.८ वर जो धूसरपणा मिळतो, जवळपास तेवढ्यासाठी २४ ला थेट एफ/१.४ पर्यंत जावं लागतं. हा हिशेब मला आजही खोडता येत नाही. बोकेसाठी, म्हणजे धूसर पार्श्वभूमीसाठी, वाइड प्राइम घेऊ नका, हे मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते.

मग घेतली का? एका संध्याकाळमुळे.

मी नाटकांचे फोटो काढते. तालमी, प्रयोग, मेकअपची खोली, सगळं. एका नाटकाचा शेवटचा प्रयोग होता आणि त्यातल्या ज्येष्ठ नटी त्यानंतर रंगभूमी सोडणार होत्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. प्रयोगाआधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “स्टेजवरचे फोटो माझे पुष्कळ आहेत गं. एंट्रीच्या आधी विंगेत उभी असते तेव्हा मी कशी दिसते, ते मला कधी दिसलेलं नाही. तेवढा एक काढ.”

विंग अरुंद होती. एका बाजूला काळा पडदा, दुसऱ्या बाजूला उभे करून ठेवलेले नेपथ्याचे फ्लॅट, आणि माझ्या पाठीला भिंत. ताई माझ्यापासून फार तर दीड मीटरवर. ५० लावली असती तर चेहरा मिळाला असता, पण त्यांनी चेहरा मागितला नव्हता. त्यांचा हात, पडद्याच्या फटीतून आलेली स्टेजच्या उजेडाची पट्टी, मागे उभी असलेली सहकलाकार मुलगी, हे सगळं आलं तरच ती विंग दिसली असती. म्हणून झूम २४ ला. उजेड होता तो प्रॉम्प्टरच्या टेबलावरच्या निळ्या दिव्याचा आणि त्या पट्टीचा. एफ/२.८, आयएसओ ६४००, शटर १/१५ सेकंद. फ्लॅशचं विचारू नका, पडद्यापलीकडे प्रवेश चालू होता.

एंट्रीच्या आधी नट स्तब्ध उभे असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा विंगेत जाऊन बघावं. ताई बोटं झटकत होत्या. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ओठ पहिल्या वाक्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होते. स्टॅबिलायझेशन माझ्या हाताची थरथर झेलतं, ताईंची मान थांबवू शकत नाही. १/१५ ला पडद्याच्या चुण्या धारदार आल्या, दोरीचा पीळसुद्धा मोजता आला असता, आणि मधोमध ताईंचा चेहरा ओढल्यासारखा. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर ते दिसताच मी आयएसओ २५६०० केला, शटर १/६० झाला. चेहरा थांबला, पण त्यात काही उरलं नव्हतं. निळ्या उजेडाची ही गोष्ट सेन्सरची तारीफ करणारे सांगत नाहीत. सेन्सरवरच्या रंग टिपणाऱ्या दर चार घरांपैकी एकच घर निळ्याचं असतं. उजेड जवळपास सगळा निळा असला की लाल घरांना हाती काही लागत नाही, आणि व्हाइट बॅलन्सनं त्वचेचा रंग परत आणायला जावं तर त्या रिकाम्या घरांतला नॉइज तेवढा वर येतो. “६४०० ला स्वच्छ” हे पांढऱ्या उजेडात खरं आहे.

क्यू आला, ताई आत गेल्या. टाळ्या पडल्या. मी तिथेच उभी.

नंतर त्यांनी फोटो मागून घेतले. लॅपटॉपवर एकेक बघत गेल्या. विंगेतल्या त्या फोटोवर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “पडदा छान आलाय.” टोचून बोलणाऱ्यातल्या त्या नाहीत, मला बरं वाटावं म्हणूनच बोलल्या. मला ते वाक्य अजून पुरतं पचलेलं नाही.

यावर “थोडं थांबायचं, मान स्थिर झाली की टिपायचं” असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिलाय. मी थांबले होते. तसे क्षण होते, आणि तेव्हाही ओठ हलत होते. त्या उजेडात, त्या जागेतून, त्या लेन्सनं जे येणं शक्य होतं ते आलं. एफ/१.४ असती तर त्याच आयएसओ ६४०० ला १/१५ चा १/६० झाला असता. दोन स्टॉप, चौपट प्रकाश. दीड मीटरवर फोकस धरला तर २४ ला एफ/१.४ वरही सुमारे ३३ सेंमी खोलीपर्यंत चित्र धारदार राहतं. त्यात चेहरा आणि पुढे आलेला हात दोन्ही बसतात. हीच फ्रेम ५० एफ/१.४ नं घ्यायची तर तीन मीटरच्या पलीकडे जायला हवं, आणि माझ्या पाठीला भिंत होती.

तेव्हा वाइडला एफ/१.४ कशाला, तर जिथे अंधार आहे, माणूस हलतोय आणि मागे सरकायला जागा नाही, तिथे. तुमच्या कामात या तिन्ही गोष्टी एकदम येत नसतील, तर तुमची एफ/२.८ खरोखर पुरेशी आहे. माझ्याकडे बघून घेऊ नका.

आता २४ च का. फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर, ३५ ला कर्णात ६३ अंश दिसतं, २८ ला ७५, २४ ला ८४, २० ला ९४. ३५ माणसांशी सगळ्यात प्रेमानं वागते, हे मान्य. पण विंगेत ती मला अर्धंच दाखवते. २० वर कडेचे चेहरे ताणले जातात. तो लेन्सचा दोष नसतो. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेला गोल वस्तू ताणली जाणारच, आणि माणसाचं डोकं गोलच असतं. २४ लाही हे होतं. फ्रेमच्या अगदी कडेला मी चेहरा येऊ देत नाही, आलाच तर तो फोटो सहसा देत नाही.

एफ/१.८ चाललं असतं का? फरक पाऊण स्टॉपहूनही कमी, बहुतेकांना चालेल. फास्ट वाइड लेन्स जड असते, हा मुद्दा मात्र जुना झालाय. आरशाच्या कॅमेऱ्यांत (एसएलआर) लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरशाला जागा सोडावी लागे, निकॉनच्या एफ माउंटला, म्हणजे लेन्स बसवायच्या कडीला, ती ४६.५ मिमी. म्हणून वाइड लेन्सना उलट्या टेलिफोटोची, म्हणजे रेट्रोफोकस रचना वापरावी लागली. फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीनं १९५० मध्ये ती ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी आणली. फास्ट वाइड करायची तर काचा वाढत, वजन वाढे. आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत, निकॉनच्याच झेड माउंटला तेच अंतर १६ मिमी आहे, सोनीच्या ई ला १८. मागची काच सेन्सरच्या जवळ नेता येते. आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी २०१५ मध्ये आलेली सिग्माची २४ एफ/१.४ ६६५ ग्रॅमची होती, सोनीची २०१८ ची ४४५ ग्रॅमची आहे. “फास्ट वाइड म्हणजे गळ्यात धोंडा” हे मी तेव्हा म्हणायचे ते तेव्हाच्या लेन्सेसना लागू होतं.

माझ्या बाजूला एक भगदाड आहे, तेही दाखवते. दोन स्टॉपचा हा सगळा हिशेब फ्रेमच्या मध्याचा आहे. लेन्स पूर्ण उघडी ठेवली की अशा लेन्सच्या कोपऱ्यांत दोन स्टॉप प्रकाश कमी पडणं नवलाचं नाही. म्हणजे मध्ये एफ/१.४ आणि कोपऱ्यात जणू एफ/२.८. सॉफ्टवेअर कोपरे उजळून देतं, पण त्याबरोबर नॉइजही वर आणतं. पूर्वीची जी मी एफ/२.८ पुरे म्हणायची, तिनं इथे मला धरलं तर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की चेहरा मध्याजवळ होता.

कोपऱ्यांत दुसरा त्रास कोमाचा. रंगमंचावरचा बारीक दिवा कडेला गेला की ठिपका राहत नाही, पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो. ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांना हे सांगायला नको. निकॉननं १९७७ मध्ये ५८ मिमी एफ/१.२ नॉक्ट काढली, ती याच कारणासाठी, आणि तिची अ‍ॅस्फेरिकल, म्हणजे साध्या गोलाई नसलेल्या वक्राची, काच हातानं घासलेली होती. घेताना विटांच्या भिंतीचे फोटो काढत बसण्यापेक्षा हे करा. अंधारात लांब एक बारीक दिवा ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, लेन्स पूर्ण उघडा, आणि तो दिवा एकदा मध्ये, मग एकेका कोपऱ्यात येईल असा कॅमेरा फिरवत फोटो घ्या. दर वेळी फोकस मध्यावरचाच ठेवा. चारही कोपऱ्यांतली पाखरं सारखी असतील तर तो त्या मॉडेलचा स्वभाव. तीन सारखी आणि एक वेडंवाकडं असेल तर आत कुठली तरी काच सरकलेली आहे, तो नग परत करा. माझा पहिला नग डावीकडे एफ/४ लासुद्धा मऊ होता. विकणाऱ्यानं “वाइडला एवढं चालतंच” म्हणून सांगितलं. चालत नाही. बदलून मिळेपर्यंत मी हटले नाही, तुम्हीही हटू नका.

राहिला तुमचा नेहमीचा शेवटचा प्रश्न, की कोणती फोकल लेंथ आपली, हे कसं ओळखायचं. पूर्वी मी सांगत असे, आपल्याच फोटोंचा डेटा काढा, जिथे जास्त फोटो असतील ती प्राइम घ्या. मीही काढला होता. एक ढीग २४ वर, दुसरा ७० वर. पण २४-७० ची रिंग २४ च्या पलीकडे जातच नाही. त्या ढिगातले किती फोटो खरे २४ चे आणि किती ठिकाणी मला २० हवी असताना रिंग अडली, हे डेटा सांगत नाही. म्हणून आता मी लोकांना झूम २४ ला ठेवायला सांगते, रिंगवर टेप लावून, आणि काम करताना हात कुठल्या बाजूला वळवायला जातो तिकडे लक्ष द्यायला सांगते. माझा हात तालमीच्या खोलीत बरेचदा २८ कडे जातो. विंगेत जात नाही. मग २८ एफ/१.४ घेणार का, असं विचाराल तर माझं ठरलेलं नाही, आणि २४-७० मी अजून विकलेली नाही.