लिहितो नव्हे, लिहिते

गेली तीन वर्षं या जागी मी ‘लिहितो’ असं लिहीत आले. ‘रात्रभर जागलो’, ‘गोष्ट संपवली आणि ढसाढसा रडलो’. मराठीत टोपणनाव नुसतं घेऊन भागत नाही, प्रत्येक क्रियापदाच्या अंगावर ते चढवावं लागतं. मी चढवलं. वर जे पुरुषाचं नाव दिसतं ते माझं नाही. मी बाई आहे, वय ५२, आणि माझ्या खऱ्या नावावर चार कादंबऱ्या आहेत.

खरं नाव आजही सांगत नाही. ते आडनाव घरातल्या आणखी पाच जणांचं आहे आणि त्यांनी यातलं काही निवडलेलं नाही. पण मी बाई आहे, एवढं सांगणं आता टाळता येत नाही.

सुरुवात चौथ्या कादंबरीपासून झाली. तिच्यात गुरांचे एक डॉक्टर होते, ४१ वर्षांचे, आणि दूध संकलन केंद्रावर दुधातली फॅट मोजणारा सुभाष, ३४ वर्षांचा. ते दोघं एकमेकांत गुंतावेत असं मी ठरवलं नव्हतं. अडलेल्या म्हशीपाशी त्यांनी एक रात्र काढली, आणि लिहिताना पहाटेच्या सुमारास मला ते कळलं. तीन पानं झाली. संपादकांनी वाचली, चांगली आहेत म्हणाले, आणि त्या तीन पानांच्या जागी एक वाक्य सुचवलं: ‘त्या रात्री पाऊस थांबला नाही.’ मी मान्य केलं. त्या वाक्याचा मला आजही राग येतो. आपल्याकडे कादंबरीत माणसं जवळ आली की पाऊस पडतो. बाई-पुरुष असतील तर निदान पुढच्या पानावर त्यांना सकाळ मिळते. डॉक्टर आणि सुभाष कादंबरीत पुन्हा एकत्र दिसलेच नाहीत.

२०२१च्या उन्हाळ्यात, सगळे घरात अडकलेले असताना, मी ती पानं पुन्हा काढली आणि त्यांची गोष्ट लिहिली. पाऊस न पाडता.

पहिल्याच दिवशी शब्द संपले. शरीरासाठी आपल्याकडे दोन पेट्या आहेत. एकीत दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यातले संस्कृत शब्द, दुसरीत शिव्या. पहिल्या पेटीतला शब्द घातला की सुभाष रुग्ण वाटायचा, दुसरीतला घातला की पिवळ्या पुस्तकाचा वास यायचा. आठवडाभर खोडत बसले. मग लक्षात आलं की मराठीत तुटवडा नामांचा आहे, क्रियापदांचा नाही. बिलगणे, चाचपणे, रेटणे, कुरवाळणे, निथळणे, कण्हणे, विसावणे. किती आहेत! मांडी, मान, पोट, घाम एवढी साधी नामं ठेवली आणि बाकी सगळं क्रियापदांवर सोडलं. गोष्ट चालायला लागली.

दुसरी अडचण सर्वनामाची. ‘त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.’ कोणी, कोणाच्या? ‘आपल्या’ वापरून निम्मंच निभावतं. पण या दोघांनी मला एक वाट दिली. सुभाष डॉक्टरांना ‘तुम्ही’ म्हणत होता, त्यामुळे मीही एकाला ‘ते’ आणि दुसऱ्याला ‘तो’ म्हणत होते. मानाच्या अनेकवचनाने माणसं वेगळी राहत होती. गोष्टीच्या मध्यावर सुभाष पहिल्यांदा ‘अरे’ म्हणतो. तिथून ‘ते’चा ‘तो’ होतो, आणि पुढची दीड पानं कुठला हात कोणाचा हे वाचणाऱ्याला ओळखता येत नाही. ते मी तसंच ठेवलं. आजवर लिहिलेल्या सगळ्यात मला ती दीड पानं सर्वांत प्रिय आहेत.

लिहून झाल्यावर माझ्या कॉलेजच्या मित्राला पाठवली. तो गे आहे, हे मला तीस वर्षं माहीत आहे. त्याचा रात्री उशिरा फोन आला. “तुझी माणसं फार देखणी आहेत गं. एकाला तरी पोट दे.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि ते दाराला कडी लावतात. आमचा निम्मा जन्म कडी नसलेल्या खोल्यांत गेला.” लॉजवर दोन पुरुषांना खोली मिळते, कोणी काही विचारत नाही, अवघड असतं ते घरी. पलीकडे आई भाकऱ्या थापत असते, आवाज थांबला की दोघांनीही थांबायचं. मी गोष्ट मुळापासून पुन्हा लिहिली. सुभाषच्या खोलीची कडी काढली, दाराला आतून धान्याचं पोतं लावलं.

मी हे का लिहिते, याचं खरं उत्तर द्यायला हवं. बाई-पुरुषाचा शृंगार माझ्या नावाने लिहिला की त्यातली बाई म्हणजे मीच, असं धरलं जातं. ‘हिला असं वाटतं तर.’ तो धाक पेन उचलण्याआधीच हातात उतरलेला असतो. दोन पुरुषांच्या खोलीत मी कुठेच नव्हते, म्हणून इच्छेकडे निवांत बघू शकले. आणि त्यात मला सुख मिळालं, हेही सांगते.

टोपणनावाबद्दल मला अपराधी वाटत नव्हतं. १९३३ साली मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घेतलं नसतं तर त्यांना जगू दिलं नसतं. खानोलकर कवितेपुरते ‘आरती प्रभू’ झाले. लावण्या रचणारे शाहीर बहुतेक पुरुष, आणि लावणीत बोलते ती बाई. मी उलट बाजूने गेले, इतकंच.

भीती होती ती कायद्याची. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना दंड संहितेच्या ३७७ कलमातून बाहेर काढलं. पण अश्लीलतेचं कलम २९२ राहिलंच. आता ते दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत २९४ या आकड्याने आहे, आणि इंटरनेटवरच्या मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वेगळं. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली खटला झाला. प्रश्नांत समलिंगी संबंधांचेही होते. वकील डॉ. आंबेडकर होते, आणि तरी कर्वे हरले. प्रसिद्ध करण्याच्या आदल्या रात्री मी हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “पॅन कार्ड तर तुझंच द्यावं लागणार आहे. सरकारपासून नाही लपत आहेस तू.” खरं होतं. लपत होते ते वाचणाऱ्यांपासून.

पाच गोष्टी झाल्या. पत्रं येऊ लागली, आणि गेल्या दिवाळीनंतर एक आलं. साखर कारखान्याच्या गावातला पंचविशीतला मुलगा. ‘दादा’ अशी सुरुवात. ‘दादा, तुम्हीही आपल्यातलेच आहात म्हणून विचारतो. घरी मुली बघतायत. तुम्ही त्या वेळी काय केलंत?’

मी उत्तर लिहायला घेतलं. ‘मीही या प्रसंगातून गेलो’, एवढं टाइप झालं आणि हात थांबला. ‘गेलो’. कथेत हा ओकार माझा हक्क होता. इथे एक माणूस त्यावर आपला जन्म ठेवायला निघाला होता. मी कुठल्याच प्रसंगातून गेले नव्हते. माझं लग्न ठरलं तेव्हा मी लाडू वळत होते.

ते वाक्य पुसलं. त्याला लिहिलं की मी बाई आहे, विवाहित आहे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. माफी मागितली. समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टचं नाव दिलं आणि म्हटलं, तिथे यातून खरोखर गेलेली माणसं भेटतील. पत्र पाठवल्यावर दिवसभर काही सुचलं नाही.

अकरा दिवसांनी दोन ओळी आल्या. लग्नाबद्दल एक अक्षर नाही. ‘मग त्या खोलीला कडी नाही, दाराला पोतं लावतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

एका मित्राने, मी लिहिलं. त्यानेच सांगितलं आणि त्यानेच दुरुस्त केलं.

मित्राला विचारून पाचही गोष्टींच्या सुरुवातीला आता एक ओळ घातली आहे: लेखिका स्त्री आहे, आणि या गोष्टी एका गे मित्राने वाचून सुधारून दिल्या आहेत. त्याला नाव नको आहे. त्याचं कारण माझ्या कारणाहून मोठं आहे. टोपणनाव पुरुषाचंच ठेवते आहे, गोष्टी त्या नावाने जन्मल्या. इथल्या जुन्या नोंदींतलं ‘लिहितो’ही बदललेलं नाही, ज्यांनी तेव्हा त्यावर विश्वास ठेवला त्यांना ते जसंच्या तसं दिसायला हवं. आजपासूनच्या नोंदी ‘लिहिते’त.

सहाव्या गोष्टीत डॉक्टरांना सुटलेलं पोट आहे.