भाचीच्या लग्नाला हुआ हिनला गेलो तेव्हा

ऑक्टोबरात दादाचा फोन आला. "अगं, लग्न थायलंडला करायचं ठरतंय, हुआ हिनला. आईला आणायचं काम तुझं." आई अठ्ठ्याहत्तरची आहे, रोज इन्सुलिन घेते, गुडघ्यांमुळे फार चालू शकत नाही. मी हो म्हटलं. बघता बघता आईबरोबर साताऱ्याचे काका-काकू, वहिनीच्या माहेरची मंडळी आणि कॉलेजातली तीन मुलं अशा अकरा जणांच्या कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे आली. लग्न फेब्रुवारीत छान पार पडलं. परदेशातल्या लग्नाचं आमंत्रण आता पुष्कळ घरांत येतं, म्हणून मी काय काय केलं ते सविस्तर लिहिते आहे.

मी साड्यांचा विचार बाजूला ठेवून आधी सगळ्यांचे पासपोर्ट मागवले. फोनवर "आहे गं माझा, चांगला आहे" असं सांगितलेलं मोजायचं नाही, पानाचा फोटोच मागवायचा. कारण आईचा पासपोर्ट "चांगला" होता, पण जूनमध्ये संपत होता. प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने मुदत लागते, नाहीतर विमानतळावर चेक-इनलाच अडवतात. नोव्हेंबरात हे लक्षात आलं म्हणून वेळ हाताशी होता, पण मला जोखीम नको होती. तत्काळमध्ये अर्ज केला. छत्तीस पानी पासपोर्टचे 1,500 आणि तत्काळचे वरचे 2,000 रुपये. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आईला घेऊन गेले. बोटांचे ठसे उमटेनात. वय झालं की रेषा पुसट होतात. तिथल्या मुलीने ओल्या रुमालाने आईची बोटं पुसून, हलकेच दाबून पुन्हा पुन्हा ठसे घेतले, आणि ते जमलं. वयस्कर माणसाबरोबर घरचं कुणी तरी जावंच.

दुसरा घोळ नावांचा. वहिनीच्या बहिणीचं तिकीट सासरच्या आडनावाने काढलं गेलं आणि पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव. आपल्याकडे हे घरोघरी असतं. आधारवर एक, बँकेत दुसरं, पासपोर्टवर तिसरं. नाव दुरुस्त करायला विमान कंपनी तयार झाली नाही, तिकीट रद्द करून नवीन काढावं लागलं आणि चांगलाच भुर्दंड बसला. मधल्या नावाचाही गोंधळ होतो. पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये असतं. पानाच्या तळाशी छापील अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्यांत जे आहे तेच तिकिटावर हवं. त्यानंतर मी प्रत्येकाचं नाव त्या ओळींवरूनच उतरवून दिलं.

व्हिसाची काळजी नव्हती. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी साठ दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं. हा नियम अधूनमधून बदलतो, तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशी थाय दूतावासाच्या साइटवर स्वतः वाचा. पण व्हिसा नको म्हणजे काहीच नको असं नाही. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, ईमेलवर क्यूआर कोड येतो. थाय इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर ते पूर्ण फुकट आहे. आमच्यातल्या एका भाच्याने गूगलवर पहिली दिसली ती साइट उघडली आणि कार्डाने पैसे भरून बसला. पैसे मागितले की ती साइट सरकारी नाही, एवढं लक्षात ठेवा.

हा फॉर्म भरताना मी रात्री साडेअकराला अडकले. प्रांताच्या यादीत 'हुआ हिन' सापडेना. वर-खाली तीनदा शोधलं. मग कळलं, हुआ हिन हा जिल्हा आहे, प्रांताचं नाव प्रचुआप खिरी खान. आणि हुआ हिनची म्हणून जाहिरात होणारी बरीच रिसॉर्ट खरं तर शेजारच्या चा-आममध्ये आहेत, तो प्रांत फेत्चाबुरी. आमचं हॉटेल नेमकं कुठल्या बाजूला ते पत्त्यावरून पाहून मगच निवडलं. हॉटेलचा पूर्ण पत्ता, जातानाचा विमान क्रमांक आणि पासपोर्टचे तपशील एका कागदावर लिहून बसलं की माणशी दहा मिनिटांत काम होतं. सगळ्यांचे क्यूआर कोड मी छापूनही घेतले. काकांच्या फोनची बॅटरी बँकॉकला उतरताना संपलेली होतीच.

दागिन्यांचं मात्र बहुतेकांना ठाऊकच नसतं. आईच्या पाटल्या, बोरमाळ आणि माझी ठुशी न्यायची होती. जाताना आपण आपलंच सोनं नेतो, पण परत येताना कस्टम्सवाले विचारू शकतात की हे तिथून विकत आणलं नाही कशावरून. त्यासाठी निघण्यापूर्वी कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. मी आमच्या सराफांकडून वजन आणि शुद्धता लिहिलेला कागद घेतला, प्रत्येक दागिन्याचा पांढऱ्या कापडावर फोटो काढला, जुन्या पावत्या होत्या तेवढ्या लावल्या. मुंबई विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याने दागिना हातात घेऊन फोटोशी ताडून पाहिला, आईच्या डाव्या पाटलीवरची चीरसुद्धा फोटोत आहे का ते बघितलं, आणि सर्टिफिकेट दिलं. पाऊण तास गेला. त्यासाठी आम्ही नेहमीपेक्षा तासभर आधी पोचलो होतो. दागिने हातातल्याच पिशवीत हवेत, सामानात दिले की दाखवणार काय!

सामानाचं मी असं केलं की लग्नाच्या मुहूर्ताला जे लागणार ते सगळं केबिन बॅगेत. आईची पैठणी, मुंडावळ्या, अंतरपाट, औषधं. बाकीचे कपडे दोघींच्या दोन बॅगांत अर्धे अर्धे, म्हणजे एक बॅग हरवली तरी दोघींनाही नेसायला काहीतरी राहील. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच लागते, चेक-इनमध्ये चालत नाही. कापूर, काडेपेटी हे ज्वालाग्राही म्हणून घरीच ठेवलं. सुक्या खोबऱ्याचं मला ठाऊक नव्हतं. काकूंच्या बॅगेतून ओटीच्या खोबऱ्याच्या वाट्या काढायला लावल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात मनाई आहे. काकूंना फार वाईट वाटलं, वाट्या त्यांनी स्वतः निवडून आणल्या होत्या. वहिनीचा भाऊ स्वस्त तिकिटासाठी सिंगापूरमार्गे येणार होता आणि रुखवताचे अनारसे त्याच्याबरोबर यायचे होते. अनारशांना खसखस असते आणि सिंगापुरात खसखशीला बंदी आहे, यूएईतही आहे. मी ते अनारसे थेट जाणाऱ्यांकडे दिले. पोरांना बजावलं, ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, खिशात सापडली तरी पोलिसांचं प्रकरण होतं.

आईच्या औषधांसाठी डॉक्टरांकडून लेटरहेडवर चिठ्ठी घेतली, गोळ्यांची मूळ (जेनेरिक) नावं लिहिलेली. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले नियम कडक आहेत, तेव्हा चिठ्ठीशिवाय नेऊ नयेत. गोळ्या डब्यात मोकळ्या न टाकता मूळ पाकिटांतच ठेवल्या. इन्सुलिन हातात, बर्फाच्या पॅकसकट. प्रवास विम्यात मधुमेह आधीच लिहून दिला, हप्ता थोडा वाढला पण लपवून काही उपयोग नसतो. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवली. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर विमानातून उतरून इमिग्रेशनपर्यंत चालायला लागतं ते अंतर गुडघेदुखीच्या माणसाचं नाही.

पैसे थोडे फॉरेक्स कार्डावर, थोडे डॉलर नेले. विमानतळावर वरच्या मजल्यांपेक्षा तळघरात, शहराच्या रेल्वेकडे जाताना, मनी एक्स्चेंजची दुकानं आहेत, तिथे दर बराच चांगला मिळाला. एटीएममधून काढले तर परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाथच्या (बाथ हे तिथलं चलन) आसपास कापतात, म्हणून दोनदोनशे काढण्यापेक्षा एकदाच काढा. मशीन रुपयांत हिशेब करू का विचारतं, तेव्हा बाथच निवडा.

बँकॉकहून हुआ हिन साधारण 200 किलोमीटर, गाडीने तीन-साडेतीन तास. दादाने व्हॅन ठरवली होती, पण वेगळ्या विमानाने आलेल्या मुलांनी विमानतळावरूनच सुटणारी हुआ हिनची थेट बस पकडली आणि ती आरामात आली. माझं कळकळीचं सांगणं आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी पोचू नका, त्याच्याही आदल्या दिवशी पोचा. मुलीचा बाप त्या दोन दिवसांत शंभर फोन घेत असतो, त्यात आपला 'आम्ही अडकलो' हा फोन नको.

जेवणाचं हॉटेलने सांभाळलं, पण बाहेर फिरताना शाकाहारी माणसाची अडचण होते. भाजीतही फिश सॉस असतो. तिथे 'जे' असा एक शब्द आहे, पिवळ्या पाटीवर लाल थाय अक्षरांत लिहिलेला दिसतो. ते बौद्ध परंपरेतलं शुद्ध शाकाहारी जेवण, त्यात कांदा-लसूणही नसतो. व्याही जैन आहेत, त्यांना हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

मुहूर्त 11 वाजून 12 मिनिटांचा. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. फोन आपोआप तिथली वेळ दाखवतात, पण काकांचं मनगटी घड्याळ साताऱ्याच्याच वेळेवर होतं. शिवाय घरून व्हिडिओवर बघणारी मंडळी होती. मी पत्रिकेच्या चिठ्ठीवर दोन्ही वेळा लिहिल्या, तिथे 11.12, भारतात 9.42. पौरोहित्य आमच्याच एका काकांनी केलं, ते पाहुणे म्हणूनच आले होते. होमाचं साहित्य, कापूर, समिधा हे बँकॉकच्या फाहुरात भागातल्या भारतीय दुकानांतून लग्नाच्या व्यवस्थापकांनी आणवलं. झेंडूची काळजी करूच नका. थायलंडात झेंडू आणि मोगऱ्याचे हार चौकाचौकात मिळतात, केळीची पानंही.

राहिला ओटीचा नारळ. आदल्या दिवशी सकाळी काकूंना घेऊन मी गावातल्या छत्चाय बाजारात गेले. नारळ ढिगाने, पण सगळे गुळगुळीत तासलेले. दुधासाठी खवायचे, त्यांना शेंडी ठेवून काय करायचंय? काकू म्हणाल्या, शेंडीशिवाय ओटी भरणार नाही. विक्रेत्या बाईंना मराठी-इंग्रजी काही कळेना. मी फोनवर आमच्या देवघरातल्या कलशाचा फोटो उघडून दाखवला, शेंडीवर बोट ठेवलं. त्या फोटोकडे बघत राहिल्या, मग हसल्या, आत जाऊन न सोललेला नारळ आणला आणि कोयत्याने एकेक पट्टा काढत वरचा झुपका तसाच ठेवला. काकूंनी हाताने दाखवलं, अजून थोडं. बाईंनी झुपका बोटांनी वर ओढून नीट केला. असे पाच नारळ करून दिले. काकूंनी पिशवीतली हळद-कुंकवाची डबी काढून त्यांना कुंकू लावलं, आणि त्यांनी दोन्ही हात जोडून मान लववली.

आहेर आम्ही तिकडे नेलाच नाही, पुण्यात परतल्यावर दिला. रोख पाकिटं परदेशात घेऊन फिरणं नवरा-नवरीलाच जड जातं. परत येताना मुंबईला कस्टम्सवाल्यांनी आईच्या पाटल्यांकडे बघून विचारलंच. सर्टिफिकेट पुढे केलं, त्यांनी फोटो बघितला, पाटली बघितली, आणि आईची व्हीलचेअर पुढे जाऊ दिली.