तीन गाड्या, दोन दिवस आणि सिस्कियूचा घाट

जुनी गाडी विकत घ्यायला शुक्रवारी रात्री कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून निघालो तेव्हा खिशात तीन पत्ते होते: सॅक्रामेंटो, रेडिंग आणि ओरेगनमधलं अ‍ॅशलंड. तिन्हीकडे एकाच जातीची गाडी, टोयोटाच्या पिकअपवर बांधलेलं छोटं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही बनायची थांबली, त्यामुळे मिळेल ती तिशी ओलांडलेलीच. तरी गिऱ्हाइकं तुटून पडतात, कारण मोठं मोटरहोम गॅलनला ८-१० मैल देतं आणि हे १५च्या पुढे जातं.

सॅक्रामेंटोची गाडी नुकती रंगवलेली, मागे दुहेरी चाकं. वाकून चाकाचे नट मोजले तर पाच! चहासुद्धा न घेता निघालो. सुरुवातीच्या गाड्यांना साध्या पिकअपचाच पाच नटांचा मागचा अ‍ॅक्सल आहे. वर चढवलेलं घर त्याला पेलत नाही आणि शाफ्ट (चाक फिरवणारा आतला दांडा) तुटून चाक निखळल्याचे प्रकार झालेत. दुहेरी चाकांना भुलू नका, काहींना त्याच पाच नटांवर जादा चाक नुसतं जोडलेलं असतं. सहा नटांचा, मधे हब बाहेर आलेला अ‍ॅक्सल बघा. त्यात वजन शाफ्टवर नाही, बाहेरच्या नळीवर येतं.

रेडिंगला नट सहा होते. पण आत शिरताच बायको म्हणाली, "आजीच्या पावसाळ्यातल्या ट्रंकेचा वास येतोय." ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बर्थच्या कोपऱ्यात अंगठा दाबला, तर भिजलेल्या पावात रुतावा तसा रुतला. मालक म्हणे, थोडं सीलंट मारा, झालं. सीलंटचे थर आधीच तीन होते. भिंतीतला सांगाडा लाकडी असतो, तो कुजला की सगळं उकलावं लागतं.

अ‍ॅशलंडच्या आजोबांना आदल्या दिवशीच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. फ्रिज रात्रीच गॅसवर लावून ठेवा (हे फ्रिज गार व्हायला तासन् तास घेतात), आणि सकाळी इंजिन चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. २.४ लिटरचं २२-आरई हे इंजिन दणकट, पण त्याच्या टायमिंग चेनला (इंजिनातल्या साखळीला) जागेवर धरणारे प्लास्टिकचे गाइड तुटतात आणि ती खडखड थंड इंजिनातच नीट ऐकू येते. इथे आली नाही. टायर मात्र चकचकीत असूनही त्यांवर शेवटचे आकडे २३११, म्हणजे २०११चा तेविसावा आठवडा. त्यापोटी सहाशे डॉलर कमी करून घेतले.

ती घेऊन येताना ओरेगन-कॅलिफोर्निया सीमेजवळचा सिस्कियूचा ४,३१० फुटांचा घाट. तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ३५ मैल, ट्रकांच्या लेनमध्ये, इंडिकेटर लुकलुकत. घाई असलेल्यांनी हा नाद करू नये. पुढे वीडजवळ आडव्या वाऱ्याने गाडी अशी हलवली की बायकोने पोह्यांचा डबा मांडीवर घेतला.

घरी येईस्तोवर ३५२ मैलांना २१ गॅलन लागलं, लिटरला साधारण ७ किलोमीटर.

आणखी एक, कॅलिफोर्नियात घेतलीत तर स्मॉगचा (धुराच्या तपासणीचा) दाखला विकणाऱ्याने द्यायचा असतो. परराज्यातून आणलीत तर तपासणी तुमच्या गळ्यात, शिवाय चासी नंबरची पडताळणी. आमची स्मॉगमध्ये पास झाली. हॉर्न तेवढा वाजत नाही.