बॅगेत पोहे कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरताना, सोसायटीच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, कोणी ना कोणी विचारतंच. "लंडनमध्ये आता सगळं मिळतं हो. मग मुलीकडे जाताना बॅगेत चार किलो पोहे कशाला नेता?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असतं: चोचले. इतकी वर्षं मी 'सवय आहे' म्हणून विषय संपवला. आता मात्र नीट सांगतो.

मिळतात. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर जाडे पोहे, पातळ पोहे, हिंग, मिरच्या, सगळं मिळतं. मिळत नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. मी म्हणालो होतो, चव येत नाही. या दोन गोष्टी एकच मानून लोक मला समजवायला लागतात, याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

31 वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. 'तिकडे चव वेगळी लागते' एवढ्यावर मला थांबता येत नाही. चहाचंच घ्या. आपल्याकडे खडकवासल्याचं पाणी, म्हणजे काळ्या कातळावरून वाहत आलेला पाऊस. ते मृदू. लंडनचं बरंचसं पाणी टेम्स आणि ली या नद्यांचं, आणि त्या भागात खाली खडूसारख्या चुनखडीचे थर. लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या वर कठीणपणा, म्हणजे विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. मुलीच्या किटलीच्या तळाला आठवड्यात पांढरी खपली धरते. चहातल्या पॉलिफेनॉल्सची, म्हणजे चहाला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांची, त्या क्षारांशी गाठ पडली की कोऱ्या चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो, रंग मातकट होतो आणि चहाची धार जाते. पावडर पुण्याची, आलं ठेचलेलं, हात हिचाच, म्हणजे माझ्या बायकोचा, तरी तो चहा बोथट. दूध तर आणखी वेगळं. आपल्या म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश. तिथल्या नेहमीच्या निळ्या झाकणाच्या, दाट म्हणवणाऱ्या बाटलीत साडेतीनच्या आसपास. त्यात ते होमोजिनाइज केलेलं, म्हणजे स्निग्धकण फोडून बारीक करून दुधातच पसरून टाकलेले. कितीही तापवा, आपल्यासारखी जाड साय धरत नाही.

विमानातला उपमा पांचट लागतो, त्यालाही कारण आहे. केबिनमधली हवा 6000 ते 8000 फूट उंचीवर असते तशी विरळ ठेवलेली असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ, आणि शिवाय कोरडी. नाक सुकतं, मीठ आणि साखर कमी जाणवते. स्वयंपाक्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

पोह्यांना पाण्याचा फारसा फरक पडत नाही, ते धुवून निथळतात. त्यांचं दुखणं दुसरं. बोटीने आलेले, मग दुकानात पडून राहिलेले पोहे जुने निघतात आणि पाकीट फोडलं की किंचित खवट वास येतो. तिथला कांदा मुठीएवढा, परतताना पाणी सोडतो. लिंबू मोठं, पिवळं, जाड सालीचं. त्याला आंबटपणा आहे, पण आपलं कागदी लिंबू कापल्यावर येतो तो वास नाही. दाणे टपोरे, पण तळल्यावर आपल्या दाण्यांसारखे खमंग होत नाहीत.

हे सगळं 2015 च्या पहिल्या फेरीनंतर मी नातेवाइकांना चार पानं भरून लिहून कळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आज मागे घ्यावंसं वाटत नाही. पण ती चार पानं लिहिणारा माणूस फेब्रुवारी 2023 मध्ये त्या स्वयंपाकघरात उभा होता, आणि त्याच्या हातून जे झालं त्याचं उत्तर त्या चार पानांत नाही.

आम्ही मुलीच्या बाळंतपणाला गेलो होतो. दोन महिने आधीपासून ती फोनवर म्हणत होती, "बाबा, तू आलास की पहिले पोहे कर." आमच्या घरी रविवारचे पोहे माझेच, ती चार वर्षांची होती तेव्हापासून. त्यामुळे मी काही कसर सोडली नाही. मंडईजवळच्या नेहमीच्या दुकानातून ताजे जाडे पोहे घेतले, घुंगरू दाणे घेतले, हिंगाची डबी घेतली. ती दवाखान्यातून घरी आली त्याच्या पाचव्या दिवशी, पहाटे सहाला, बाळ एकदाचं झोपलं होतं. बाहेर अंधार होता. मी पोहे चाळले, दोन पाण्यांतून काढले, चाळणीत निथळत ठेवले, मग त्याला मीठ, हळद आणि चमचाभर साखर हलक्या हाताने चोळली. तिच्या स्वयंपाकघरात धुराचा अलार्म आहे, त्यामुळे ती एरवी तेल फारसं तापवत नाही. मी खिडकी उघडली, थंडी आत येऊ दिली आणि तेल नीट तापवून फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंग फुलला. अलार्म वाजला नाही. मला केवढा आनंद झाला होता! झाकण ठेवून दोन वाफा काढल्या, वर कोथिंबीर, खोबरं.

तिने दोन घास खाल्ले आणि बशी मांडीवर ठेवली.

"काय गं?"

"काही नाही. जरा गोड लागतायत. आणि हिंग..." ती थांबली. "मला आता वेगळेच आवडायला लागलेत का, बाबा?"

"बाळंतिणीच्या तोंडाला चव नसते," मी म्हणालो. इथे गप्प बसलो असतो तर चाललं असतं.

"तसं नाही रे. मी करते ते असे नसतात."

आणि मी म्हणालो, "अकरा वर्षं इथलं पाणी पिऊन जिभेचं वाटोळं करून घेतलंस."

ती काहीच बोलली नाही. टाके ओले होते, रात्रभर झोप नव्हती, कुशीत पाच दिवसांचं... नाही, घरी येऊन पाच, जन्मून आठ दिवसांचं बाळ. तिने बशी उचलली आणि सगळे पोहे खाल्ले, एकेक घास, मान खाली घालून. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी समोर उभा राहून बघत होतो आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते खरं लिहितो: दाणे थोडे कमी तळले गेले का, याचा विचार चालला होता.

ही दारात उभी होती. तिने बशी घेतली आणि मला एवढंच म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या."

पुढच्या आठवड्यात एकदा रात्री दोन-अडीचला मला स्वयंपाकघरात दिवा दिसला. ती एका हाताने पोहे करत होती, वेम्बलीच्या पाकिटातले. माझ्या पाकिटातले तीन किलो तसेच होते. मंद आचेवर कांदा पाणी सोडत बसला होता. त्यात गोठवलेले मटार, लाल मिरचीचे तुकडे, साखर नाही, वरून त्या पिवळ्या लिंबाचा भरपूर रस. "खाणार?" तिने विचारलं. खाल्ले. वाईट नव्हते. एवढं वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. ते आमच्या घरचे नव्हते, पण ती ज्या घरात राहते त्या घरचे नक्कीच होते.

मी माफी मागितली नाही. ते वाक्य आम्हा दोघांमध्ये अजून तसंच आहे.

मग माझी चूक कुठे होती? 2015 चा मी म्हणेल, पाण्याची, दुधाची, लिंबाची कारणं खोटी आहेत का? अजिबात नाहीत. माझ्या जिभेला तिथली चव परकी लागते ती याच कारणांनी. पण तीच कारणं अकरा वर्षं रोज तिच्या जिभेवर काम करत होती, हे चार पानं लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. तिच्यासाठी प्रवास करून आलेले, बिघडलेले पोहे माझे होते. हे मला पटतं. आणि तरी, ज्या मुलीने चार वर्षांची असल्यापासून माझ्या कढईतली खरवड मागून खाल्ली तिला तो हिंग नकोसा होतो, हे मला आजही सहन होत नाही. दोन्ही खरं आहे. यातलं एक सोडून द्या असं मला कोणी सांगू नये.

तुम्ही विचारता पोहे कशाला नेता. त्या फेब्रुवारीनंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा नेले. ती डब्यात भरून ठेवते. खाते की नाही, मी विचारत नाही.

गेल्या रविवारी इथे कोथरूडला मी तिच्या पद्धतीने करून पाहिले. फोनवर तिला विचारून विचारून: मंद आच, मटार, लाल मिरची, साखर नाही. कांदा आपला, त्याने पाणी सोडलं नाही. लिंबू कागदी, त्याचा वास सगळ्यावर चढला. फोटो पाठवला तर ती म्हणाली, "दिसतायत तर तसेच." तसे लागत नव्हते. त्या रात्री तिच्या स्वयंपाकघरात लागले होते तसे अजिबात नाहीत. हिने चव घेतली, उठून साखरेचा डबा आणला आणि स्वतःच्या बशीत चिमूटभर भुरभुरली. डबा माझ्याकडे सरकवला. मी घेतली नाही.