शोरूमपासून आरसीपर्यंत: नव्या मोटरसायकलच्या पासिंगचा वृत्तांत

पासिंग म्हटलं की आरटीओचं आवार, उन्हात उभ्या गाड्यांची रांग आणि या खिडकीतून त्या खिडकीत फिरणारी फाइल डोळ्यांसमोर येते. ते चित्र आता जुनं झालं. महाराष्ट्रात अधिकृत डीलरकडून घेतलेली नवी कोरी मोटरसायकल आरटीओत न्यावीच लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम ४४ सरळ सांगतं की अशी गाडी पहिल्या नोंदणीसाठी हजर करायची गरज नाही, आणि कलम ४१ प्रमाणे अर्ज करायची जबाबदारी डीलरची आहे. कागद नोंदणीच्या सरकारी 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीवर चढतात, अधिकारी पडद्यावर तपासतो, मंजुरी देतो, नंबर पडतो. तो टप्पा सुरळीत असतो. खराब रस्ता लागतो त्याच्या आधी, शोरूमच्या टेबलावर 'ऑन रोड' किमतीचा, म्हणजे कर-विमा धरून होणाऱ्या एकूण रकमेचा कागद पुढे सरकवला जातो तेव्हा. बराचसा मजकूर त्या एका कागदावर खर्च करतोय, कारण पैसे तिथेच जातात.

त्या कागदावर 'आरटीओ' नावाची एकच ओळ असते आणि समोर एक गोळा आकडा. तो आकडा फोडून मागा. शोरूम किंमत १,००,००० रुपये आणि इंजिन १२५ सीसी धरा. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी कर ९९ सीसीच्या आत १० टक्के, ९९ ते २९९ सीसी ११ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के. म्हणजे इथे ११,००० रुपये. त्या करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर, २२० रुपये. नोंदणी फी ३०० रुपये, स्मार्ट कार्ड २०० रुपये. झाले ११,७२०. कर्ज असेल तर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढवायचे ५०० रुपये, म्हणजे १२,२२०. वर टपालाचा किरकोळ खर्च. कोटेशनवर १४,००० किंवा १५,००० दिसले तर वरचे पैसे सरकारी तिजोरीत जात नाहीत. करासह सगळ्या रकमेची ऑनलाइन पावती तयार होते. ती मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि पैसे देण्याआधीच 'पावतीप्रमाणेच देईन' म्हणून सांगितलं तर आकडा तिथल्या तिथे खाली येतो.

मग येतात 'हँडलिंग चार्जेस'. कुठे त्याला 'लॉजिस्टिक' म्हणतात, कुठे 'फाइल चार्ज', कुठे 'स्मार्ट कार्ड व इतर'. नोंदणीच्या फीमध्ये असं काही खातं नाही. अर्ज करणं डीलरचं कायदेशीर काम आहे. त्याने अर्जच केला नाही तर कलम १९२ ब खाली त्याला पूर्ण आयुष्यकराएवढा किंवा वार्षिक कराच्या पंधरापट, यातला जो मोठा तो दंड आहे. स्वतःच्या कर्तव्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, हे मान्य करू नका. एक रुपयाही देऊ नका. सेल्समन म्हणेल, 'सगळेच देतात, सर.' तेव्हा बिलात ती ओळ जीएसटीसकट वेगळी लिहून द्या म्हणावं. बहुतेक वेळा लिहून द्यायची तयारी नसते आणि रक्कम गायब होते. तरीही अडून बसले तर बुकिंगची रक्कम अडकण्याआधी दुसरं शोरूम गाठा. बुकिंगच्या पावतीवर 'रद्द केल्यास परतावा' हे शब्द आहेत का, ते म्हणूनच आधी बघायचं.

अॅक्सेसरीजचं पॅकेज हा तिसरा खड्डा. सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, लेग गार्ड, साडी गार्ड, मागची पकड आणि हेल्मेट, सगळं एकत्र बांधून 'हे कंपल्सरी आहे' असं सांगतात. यातलं साडी गार्ड, मागच्या स्वारासाठी पकड आणि पाय ठेवायची पट्टी केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे गाडीवर असायलाच हवी. मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण हा गाडीचा भाग आहे, हौसेची वस्तू नव्हे. हेल्मेट विक्रीच्या वेळी उत्पादकाने द्यायचं, हे नियम १३८ मध्ये आहे. ते आयएसआय मार्कचं आहे का ते उलटून बघा. सीट कव्हर आणि कोटिंग नको असेल तर नको म्हणा, त्यापायी पासिंग अडत नाही.

विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा, २०१८ पासून सक्तीचा आहे. त्याचा हप्ता ठरवून दिलेला असतो, त्यात कुठलीच कंपनी सूट देत नाही. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. आपल्या १२५ सीसीच्या गाडीला ४,५४४. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि वरच्या जोडण्यांत (अॅड-ऑन). स्वतःच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा घेता येतो, पाच वर्षांचा घ्यायची सक्ती नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण दुसऱ्या गाडीवर किंवा वेगळ्या पॉलिसीत आधीच असेल तर तसं लिहून द्या, ती ओळ निघते. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. 'बाहेरचा विमा चालत नाही, पासिंग लांबेल' हे वाक्य ऐकायला मिळेल. चासिस आणि इंजिन नंबर मागून घ्या, दोन-तीन कंपन्यांचे दर काढा आणि ते शोरूमला दाखवा. त्यांनी दर उतरवला तर तिथेच घ्या, कागदांची एक फेरी वाचते. नाही उतरवला तर बाहेरून काढा. पॉलिसीवरचे दोन्ही नंबर बरोबर असले की ती 'वाहन'वर चढते.

आता दुसरी जागा, जिथे पैसे नाहीत पण पुढची पंधरा वर्षं अडकतात: माहितीची नोंद. फॉर्म २० अर्जाचा, २१ विक्रीचा, २२ गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा. कर्ज असेल तर ३४. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन 'बाकी आम्ही भरतो' असं सांगण्याची पद्धत आहे. तसं करू नका. भरलेला फॉर्म वाचून मगच सही करा आणि डीलरने संगणकात भरलेल्या नोंदीची प्रिंट मागा. त्यात या गोष्टी बोटाने एकेक तपासा.

नाव आधारवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. पत्ता आधारवर जुना असेल तर आधी आधार दुरुस्त करा, नाहीतर आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, जुन्या घरी जाईल.

मोबाईल नंबर तुमचाच हवा. ही या प्रवासातली सर्वात वाईट चूक आहे, आणि ती तुमच्या हातून होत नाही, शोरूमच्या टेबलावर होते. घाईत तिथलाच कुठला तरी नंबर टाकतात. पुढे बोजा उतरवणं, पत्ता बदलणं, गाडी विकणं, सगळ्याचा ओटीपी त्या नंबरवर जातो. नंबर नंतर ऑनलाइन बदलता येतो, पण ओळख जुळवत बसावं लागतं. नोंद होताना तुमच्या फोनवर ओटीपी आला नाही तर त्याच क्षणी विचारा.

चासिस नंबर गाडीवरून वाचा, कागदावरून नव्हे. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की उजव्या बाजूला, हेडच्या नळीवर तो ठोकलेला दिसतो. ग्रीसचा थर असतो, चिंधीने पुसून टॉर्चच्या उजेडात बघा. तो सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. गोल दिसणारं चिन्ह म्हणजे शून्यच. नोंदीत तिथे ओ पडला असेल तर ती चूक आहे, आणि विमा व आरसी न जुळण्याची सुरुवात इथूनच होते. फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तेही बघून घ्या. मागच्या वर्षीचा उरलेला माल नव्या किमतीत खपवला जातो, विकताना त्याचा फटका बसतो.

पैसे भरल्यावर डीलरकडून अर्ज क्रमांक घ्या. परिवहनच्या संकेतस्थळावर त्याने स्थिती दिसते, म्हणजे 'आरटीओत अडकलंय' हे खरं की अर्ज अजून शोरूममध्येच पडलाय ते कळतं. दसरा, धनत्रयोदशी, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या दिवशी गाडी घरी आणायची असेल तर सगळे कागद आठवडा-दहा दिवस आधी पूर्ण करा. मुहूर्ताच्या दोन दिवस आधी बुकिंग करून नंबरसकट गाडीची अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी पडेल. पसंतीचा नंबर हवा असेल तर तोही नोंद होण्याआधीच ऑनलाइन घ्या आणि शोरूमला लेखी कळवा. साधा नंबर पडल्यावर काही करता येत नाही.

नंबर पडायच्या आधी गाडी ताब्यात घेऊ नका. कलम ४१ प्रमाणे डीलरने नंबर लावल्याशिवाय नवी गाडी द्यायचीच नाही. 'एएफ' (अप्लाइड फॉर, म्हणजे 'अर्ज केलाय') लिहिलेला कागद चिकटवून गाडी बाहेर काढणं बेकायदा आहे. पहिल्याच गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, आणि दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नामंजूर केला. पुण्यात घेऊन बेळगावला नोंदवायची असेल, तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांची तात्पुरती नोंदणी घ्या आणि तिच्या मुदतीतच तिकडची नोंदणी उरका.

नंबर प्लेट उच्च सुरक्षा प्रकारची, १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबत उत्पादकाकडूनच येते. तिचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. पुढची २८५ बाय ४५ मिलिमीटर, मागची २०० बाय १००. मागची प्लेट पुन्हा न उघडणाऱ्या स्नॅप लॉकने बसवतात. साधे नट-बोल्ट दिसले तर तिथेच बदलून घ्या. प्लेटवरचे लेझर क्रमांक 'वाहन'वर चढले नाहीत तर आरसी छापायलाच जात नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. प्लेट लागून दोन आठवडे झाले आणि आरसीचा पत्ता नाही, तर आरटीओत चकरा मारण्याआधी शोरूमला हाच प्रश्न विचारा.

तोवर डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधली आरसी पोलिसांना दाखवायला कायद्याने पुरेशी आहे. ती उघडून नाव, चासिस, इंजिन, बोजा आणि विम्याची तारीख पुन्हा एकदा ताडून बघा. चूक असेल तर कार्ड छापण्याआधी डीलरकडूनच दुरुस्त करून घ्या, नंतर ते काम तुमच्या गळ्यात पडतं. पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, पहिलं वर्षभर लागत नाही. कार्ड स्पीड पोस्टाने येतं, दार बंद दिसलं की परत आरटीओत जातं. तसं झालं तर ओळखपत्र आणि नोंदणीची पावती घेऊन स्वतः जा. बाहेरचा एजंट एवढ्यासाठी पाचशे मागतो, काम खिडकीवर फुकट होतं.